लघवीची चाचणी कुठे उपयोगी पडते: एका बाळाच्या डाव्या किडनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

ओळख पटेल असे तपशील या नोंदीतून काढले आहेत किंवा बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

आईचे हे पहिलेच बाळंतपण. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाची डावी किडनी थोडी फुगलेली दिसली. किडनीतली लघवी जिथे गोळा होते त्या पिशवीची, म्हणजे रीनल पेल्व्हिसची, रुंदी ६ मिलिमीटर होती. दुसऱ्या तिमाहीत ही रुंदी ४ च्या आत आणि तिसऱ्या तिमाहीत ७ च्या आत असेल तर ती सामान्य धरतात. बत्तिसाव्या आठवड्यात ती १३ झाली. उजवी किडनी नीट होती, गर्भजल पुरेसे होते, मूत्राशय भरत होते आणि रिकामेही होत होते. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी मूत्रवाहिनी कुठेही फुगलेली नव्हती. एवढ्यावरून अंदाज बांधता येत होता की अडथळा असलाच तर तो एकाच बाजूला, किडनी आणि मूत्रवाहिनी जिथे जुळतात त्या सांध्यावर आहे. डॉक्टरांच्या बोलण्यात याला पीयूजे ऑब्स्ट्रक्शन म्हणतात. दोन्ही किडन्या फुगलेल्या असत्या आणि पाणी कमी असते, तर गर्भ मुलाचा असल्यामुळे मूत्रमार्गात लघवी अडवणाऱ्या झडपांची शंका आधी घ्यावी लागली असती आणि जन्माच्या दिवसापासूनच धावपळ सुरू झाली असती. इथे तशी घाई नव्हती.

पोटातल्या बाळाची किडनी फुगलेली दिसणे दुर्मीळ नाही. शंभरातल्या एक ते पाच गर्भारपणांत ते आढळते आणि त्यातली बरीच बाळे पुढे काहीही न करता ठीक होतात. घरच्यांना हे सांगितले होते. तरीही बाळ जन्मल्यावर काही तासांतच आग्रहाने सोनोग्राफी करून घेतली गेली. रुंदी ७ मिलिमीटर निघाली आणि ‘सूज उतरली’ अशी बातमी सगळ्या नातेवाइकांत पोहोचली.

ती उतरलेली नव्हती. पहिले दोन दिवस बाळाला लघवी मुळातच कमी होते, त्यामुळे पिशवी भरत नाही आणि खरी आहे त्यापेक्षा लहान दिसते. म्हणून झडपांची शंका, एकच किडनी किंवा दोन्ही बाजूंचा त्रास नसेल तर ४८ तासांच्या आत ही सोनोग्राफी करत नाहीत. सातव्या दिवशी रुंदी १७ मिलिमीटर निघाली. आतल्या लहान वाट्याही फुगलेल्या होत्या, मात्र किडनीचा बाहेरचा थर जाडीला नीट होता. सूज मोजण्याच्या चार पायऱ्यांपैकी ही तिसरी. सहा आठवड्यांनी रुंदी १९ झाली. बाळ चांगले पीत होते, वजन वाढत होते, लघवीची धार जोरदार होती.

समस्या

पिशवी फुगली आहे एवढेच सोनोग्राफी सांगते. लघवी खरोखर अडते आहे का, आणि अडत असेल तर त्यामुळे किडनीचे नुकसान होते आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांचे उत्तर तिच्याकडे नसते. अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ स्टीफन कॉफ यांनी १९८७ मध्ये अडथळ्याची जी व्याख्या मांडली ती आजही वापरली जाते. लघवीच्या वाटेतली अशी अडचण, जी तशीच राहू दिली तर किडनीचे काम ढासळत जाईल, तिला अडथळा म्हणावे, असा तिचा आशय आहे. व्याख्या चोख आहे. गोची एवढीच की तसेच राहू देऊन पाहिल्याशिवाय ती लागू पडते की नाही हे कळत नाही.

जन्मतः एका बाजूला मोठी सूज असलेल्या बाळांवर लगेच शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवले, तर साधारण पाचातल्या एकाला पुढे शस्त्रक्रिया लागते असे अनुभवातून दिसले आहे. सरसकट सगळ्यांना शस्त्रक्रियेला घेतले तर चौघांना विनाकारण भूल आणि टाके. सगळ्यांना थांबवले तर एकाच्या किडनीचा काही हिस्सा गेल्यावर जाग येणार.

यावरची रुळलेली चाचणी म्हणजे आयसोटोप स्कॅन. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, मग लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड देतात, आणि औषध किडनीत किती आले व किती वेळात वाहून गेले ते कॅमेऱ्यावर मोजतात. त्यातून दोन आकडे मिळतात. एकूण कामातला डाव्या किडनीचा वाटा किती, आणि औषध निम्मे उतरायला किती मिनिटे लागली. दहा मिनिटांच्या आत उतरले तर वाट मोकळी, वीसच्या वर गेले तर शंका, मधले सगळे धूसर. बाळांच्या बाबतीत हा दुसरा आकडा फार भरवशाचा नाही. पिशवी मोठी आणि सैल असेल तर अडथळा नसतानाही औषध रेंगाळते. बाळाने दूध कमी घेतले असेल, मूत्राशय भरलेले असेल, तरी आकडा बिघडतो. नवजात किडनी कच्ची असल्यामुळे चार ते सहा आठवड्यांच्या आधी हा स्कॅन करण्यात फारसा अर्थ नसतो. पहिला आकडा भरवशाचा आहे, पण तो घसरलेला दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

बाळाच्या वडिलांनी बरेच वाचले होते. स्कॅनचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टर, लघवीतल्या प्रोटीनवरून अडथळा कळतो असं वाचलंय. मग एवढ्याशा जिवाला सुई आणि किरणं कशाला?”

आई आतापर्यंत गप्प होती. तिने विचारले, “आणि लघवीचा रिपोर्ट चांगला आला तर स्कॅन करायची गरज नाही, असं तुम्ही लिहून द्याल का?”

खोलीतल्या कोणत्याही डॉक्टरला तसे लिहून देता आले नसते. हा प्रश्न आम्ही पुढे पुरेसा लक्षात ठेवला नाही, आणि प्रकरणाचा खरा पेच तिथेच आहे.

लघवीच्या चाचण्या नेमके काय सांगतात

वडील चुकीचे वाचून आले नव्हते. अडथळ्यामुळे किडनीत दाब वाढला की तिच्यातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी ताणल्या जातात. त्या एमसीपी-१ नावाचे प्रथिन सोडतात, त्याच्या हाकेवर पांढऱ्या पेशी किडनीच्या ऊतीत शिरतात, दाह धुमसत राहतो आणि टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या मार्गाने तिथे हळूहळू तंतुमय ऊती साचतात. दुसरीकडे, पेशींची दुरुस्ती करणारा ईजीएफ हा घटक नलिकांमध्ये तयार होतो, आणि नलिका जखमी झाल्या की त्याचे प्रमाण घटते. म्हणजे लघवीत एमसीपी-१ चढता आणि ईजीएफ उतरता असेल तर किडनी सोसते आहे असा अर्थ लावता येतो. याशिवाय एनजीएएल आणि किम-१ ही नलिकांच्या ताज्या इजेची प्रथिने आहेत. कर्करोगाच्या तपासण्यांमुळे परिचित असलेले सीए १९-९ सुद्धा अडलेल्या किडनीच्या लघवीत वाढते आणि शस्त्रक्रियेनंतर उतरते.

या क्षेत्रात सर्वाधिक आशा जागवली ती फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या संशोधकांनी. एकेका प्रथिनामागे न लागता त्यांनी लघवीतल्या शेकडो लहान प्रथिन-तुकड्यांचा नकाशा काढला आणि कोणत्या बाळाला पुढे शस्त्रक्रिया लागेल याचे भाकीत आधीच करून ठेवले. २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३६ पैकी ३४ बाळांबाबत भाकीत खरे ठरले. वडिलांनी वाचलेला ९४ टक्क्यांचा आकडा हाच. पुढे वर्षाच्या वरच्या मुलांवर तीच पद्धत वापरली तेव्हा तिची अचूकता खूपच घसरली, ही बाब सहसा बातमीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय त्यासाठी लागणारे यंत्र आणि विश्लेषण नेहमीच्या रुग्णालयात नसते.

मूळ अडचण मात्र यंत्राची नाही. मूत्राशयात दोन्ही किडन्यांची लघवी येते. दोन नळांचे पाणी एकाच बादलीत पडत असेल तर बादलीतला गढूळपणा पाहून डावा नळ किती गढूळ आहे ते कसे सांगणार? त्यात डावा जितका जास्त तुंबलेला तितके त्याचे पाणी कमी, म्हणजे आजार वाढेल तसा पुरावा पातळ होऊ शकतो. दुसरी अडचण मोजमापाची. लघवी कधी पातळ, कधी दाट असते म्हणून प्रत्येक प्रथिनाचे प्रमाण क्रिएटिनिनशी, म्हणजे स्नायूंत तयार होऊन लघवीवाटे जाणाऱ्या पदार्थाशी, ताडून सांगतात. बाळाच्या पहिल्या काही दिवसांत ते क्रिएटिनिन बरेचसे आईचेच असते आणि पुढे स्नायू वाढतील तसे बदलत जाते. ईजीएफ वयानुसार आपोआप बदलते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळात एनजीएएल मुळातच जास्त असते. आणि जंतुसंसर्ग झाला की एनजीएएल उसळतेच, कारण ते पांढऱ्या पेशींमध्येही भरलेले असते.

एनजीएएलची एक चाचणी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये मुलांसाठी मान्य केली, पण ती अतिदक्षता विभागातल्या, तीन महिन्यांवरच्या मुलांमध्ये किडनीला अचानक होणाऱ्या इजेचा धोका ओळखण्यासाठी. पीयूजेच्या अडथळ्यात शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवायला लघवीतले कोणतेही प्रथिन आज नेहमीच्या उपचारात वापरले जात नाही.

पर्याय

नुसत्या सोनोग्राफ्या करत राहणे सर्वात सोपे होते. तिसऱ्या पायरीची सूज आणि १९ मिलिमीटर रुंदी पाहता ते कमी पडले असते. ताबडतोब शस्त्रक्रिया हे दुसरे टोक. एका वरिष्ठ सहकाऱ्याचा कल तिकडे होता, कारण मूल जितके लहान तितकी किडनी सावरते असे त्यांचे म्हणणे. एमआरआयवर किडनीची रचना आणि काम दोन्ही दिसते, पण एवढ्या लहान बाळाला त्यासाठी गुंगी किंवा भूल द्यावी लागू शकते. सुई टाळण्यासाठी भूल देणे, हे कुणालाच पटले नाही.

उरला तो आयसोटोप स्कॅन. किरणोत्साराचा धाक घरच्यांना सुईपेक्षा जास्त होता. या स्कॅनमधला डोस एका मिलिसीव्हर्टपेक्षा कमी असतो, हे सांगितल्यावर ते तयार झाले. लघवीचे नमुने एका चालू अभ्यासाचा भाग म्हणून घेता येत होते. संमतिपत्रात स्पष्ट लिहिले होते की या निकालांवर उपचार ठरणार नाहीत.

मूत्राशयात नळीतून औषध भरून काढायची एमसीयू तपासणी त्या वेळी केली नाही. मूत्रवाहिनी फुगलेली नव्हती आणि मूत्राशय नीट होते, त्यामुळे लघवी उलटी वर चढत असण्याची शक्यता कमी वाटली. रोज कमी मात्रेत अँटिबायोटिक द्यायचे का यावर मतभेद होते. अखेर न देण्याचे ठरले.

काय केले

सातव्या आठवड्यात स्कॅन झाला. डाव्या किडनीचा वाटा ४६ टक्के. औषध निम्मे उतरायला २४ मिनिटे लागली, पण बाळाला उभे धरल्यावर आणि लघवी झाल्यावर काढलेल्या चित्रात बरेचसे औषध उतरलेले दिसले. काम शाबूत, वाट मंद. लक्ष ठेवायचे आणि पुढचा स्कॅन नवव्या महिन्यात करायचा असे ठरले. त्याच दिवशी लघवीचा पहिला नमुना घेतला. एनजीएएल रुग्णालयाच्या यंत्रावर लगेच होते, ते कमी आले. एमसीपी-१ आणि ईजीएफसाठी नमुना उणे ८० अंशांवर गोठवून ठेवला. या चाचण्या अनेक नमुने एकदम तपासणाऱ्या प्लेटवर होतात आणि पुरेसे नमुने जमल्याशिवाय प्लेट लावत नाहीत.

तिसऱ्या महिन्यातली उसळी

ठरलेल्या भेटीला बाळ थोडे किरकिरे होते. ताप नव्हता. सोनोग्राफीत रुंदी २०, म्हणजे जवळपास तेवढीच. चिकटवायच्या पिशवीतून लघवी घेतली आणि एनजीएएल पहिल्या वेळेच्या आठपट आले.

त्या दुपारच्या चर्चेत दोन तट पडले. किडनी त्रासात आहे, लघवीच सांगते आहे, तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घ्या, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे, सोनोग्राफी हलली नसताना एका आकड्यावर पोट उघडायचे नाही. संशोधनाच्या नमुन्यासोबत लघवीची साधी तपासणी पाठवलीच गेली नव्हती, हे एका निवासी डॉक्टरच्या लक्षात आले. ती केली तेव्हा पस सेल्स, म्हणजे संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर निघाल्या. रात्री बाळाला ताप चढला. नळीने घेतलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हे जंतू वाढले. शिरेतून आणि मग तोंडाने अँटिबायोटिक देऊन संसर्ग बरा झाला. पुढे एमसीयू केली, त्यात लघवी उलटी चढत नव्हती. रोजचे कमी मात्रेतले अँटिबायोटिक आता सुरू केले.

खोट्या धोक्याच्या घंटेवर एक शस्त्रक्रिया थोडक्यात टळली, म्हणून ही गोष्ट आमच्याकडे बरेच दिवस सांगितली जात होती. माझ्या मते प्रकरणातला धोक्याचा क्षण हा नव्हताच. घाबरवणारा निकाल आला की चार माणसे त्याच्यावर शंका घेतात, पुन्हा तपासतात. निश्चिंत करणाऱ्या निकालावर तशी शंका कुणी घेत नाही.

चौथा महिना: खरा निर्णय इथे होता

संसर्ग बरा झाल्यावर महिन्याभराने पुन्हा नमुना घेतला. एनजीएएल पार खाली, पहिल्यासारखे. सोनोग्राफीत रुंदी २० च. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि नोंदवहीत लिहिले गेले की लक्ष ठेवण्याचा बेत कायम, स्कॅन नवव्या महिन्यातच.

आता त्या भेटीकडे पाहिले तर तीन गोष्टी समोर होत्या. आधीच्या स्कॅनमध्ये वाट मंद होती. मधल्या काळात फुगलेल्या किडनीला जंतुसंसर्ग होऊन गेला होता. आणि एवढा संसर्ग होऊन गेल्यावर किडनीचे काम किती उरले ते कुणी मोजले नव्हते. लघवीची चाचणी नसती तर या तीन गोष्टींवरून स्कॅन पाचव्या महिन्यावर आणावा का, हा प्रश्न कुणीतरी काढला असता असे वाटते. एनजीएएल उतरल्याने तो प्रश्नच निघाला नाही. एनजीएएल ताज्या इजेबद्दल आणि संसर्गाबद्दल बोलते. महिनोन्‌महिने हळू वाढणाऱ्या दाबाखाली ते सामान्य राहू शकते. संसर्ग गेला एवढेच त्या खाली आलेल्या आकड्यातून सिद्ध होत होते, आणि आम्ही त्यातून किडनी बरी आहे असे वाचले.

संमतिपत्रात ‘या निकालांवर उपचार ठरणार नाहीत’ असे होते. कागदावर ते पाळले गेले. आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की तो मनातून वगळता येत नाही, एवढे मात्र कबूल करायला हवे.

शस्त्रक्रियेचा निर्णय

सहाव्या महिन्यात रुंदी २६ झाली आणि डाव्या किडनीचा थर उजवीपेक्षा पातळ दिसू लागला. म्हणजे सूज चौथ्या पायरीवर गेली. एनजीएएल याही वेळी कमीच होते. नवव्या महिन्याची वाट न पाहता स्कॅन दोन आठवड्यांत केला. डावा वाटा ४६ वरून ३७ टक्क्यांवर आला होता आणि पूर्ण तपासणीत औषध निम्मेही उतरले नाही.

इथे फार चर्चा झाली नाही. वाटा ४० च्या खाली, घट नऊ टक्क्यांची, वाढती सूज, मध्ये झालेला संसर्ग. यातले एकेक कारणही वजनदार धरतात, इथे सगळी एकत्र होती. वडिलांनी एकदा विचारले, “लघवीत तर सगळं नॉर्मल येतंय ना?” त्यांना समजावायला वेळ लागला, आणि तो वेळ आम्हीच आधी त्यांच्यासमोर एनजीएएलचा आलेख ठेवल्यामुळे लागला.

शस्त्रक्रिया अँडरसन-हाइन्स पद्धतीची झाली. १९४९ पासून चालत आलेली ही पद्धत आजही पहिली पसंती आहे. अरुंद सांधा कापून काढतात आणि मूत्रवाहिनी पिशवीच्या खालच्या टोकाला रुंद तोंड करून पुन्हा जोडतात. मूत्रवाहिनीचा सुरुवातीचा छोटा भाग आकसलेला आणि निश्चल होता. बाहेरून दाबणारी रक्तवाहिनी नव्हती. ती मोठ्या मुलांमध्ये जास्त सापडते. जोडाच्या आत डीजे स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवला आणि काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढला. शस्त्रक्रियेच्या वेळी फुगलेल्या पिशवीतली लघवीही नमुन्यासाठी घेतली.

परिणाम

सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये औषध नऊ मिनिटांत निम्मे उतरले. वाटा ४० टक्के. रुंदी १४ पर्यंत आली, ती आणखी कमी होईल किंवा तिथेच राहील. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पिशवीचा सैलपणा पुष्कळदा उरतो. गमावलेले काम पूर्ण परत येईल असे घरच्यांना आधीही सांगितले नव्हते. जे उरले ते टिकवणे हाच हेतू होता. मूल चांगले वाढते आहे.

गोठवलेल्या नमुन्यांचे निकाल शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी आले. पिशवीतून थेट घेतलेल्या लघवीत एमसीपी-१ त्याच दिवशीच्या मूत्राशयातल्या लघवीपेक्षा कितीतरी जास्त होते. नमुना डाव्या किडनीचाच, उजवीची लघवी त्यात मिसळलेली नाही, त्यामुळे हे अपेक्षितच होते. चर्चा रंगली ती दुसऱ्या गोष्टीवर. ईजीएफ आणि एमसीपी-१ यांचे गुणोत्तर चौथ्या महिन्यातच घसरलेले होते. तेव्हा सोनोग्राफी स्थिर होती आणि एनजीएएल शांत.

मग लघवीला आधी कळले होते का? मला एवढ्यावर हो म्हणवत नाही. ईजीएफ वयानुसार बदलते, त्यामुळे घसरणीतला काही भाग नुसता वाढीचा असू शकतो. महिन्यापूर्वीच्या संसर्गाने एमसीपी-१ अजून चढे राहिले असेल. शिवाय निकाल वाचताना बाळाचे पुढे काय झाले ते आम्हाला माहीत होते, आणि शेवट माहीत असला की कुठल्याही आलेखात उतार दिसतो. हे प्रकरण त्या गुणोत्तराच्या बाजूने साक्ष देत नाही, विरोधातही नाही.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात आधी, चौथ्या महिन्यात अलीकडे आणायला हवा होता तो स्कॅन. फुगलेल्या किडनीला संसर्ग होऊन गेला की पुढच्या स्कॅनची तारीख नव्याने ठरवायची, लघवीचे आकडे काहीही म्हणोत, असा नियम आधीच असता तर घसरण कदाचित दोन महिने आधी दिसली असती. वाटा तेव्हा ३७ असता की ४३, हे सांगता येत नाही.

दुसरे आईच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. चाचणी पाठवण्याआधी, निकाल असा आला तर काय करू आणि तसा आला तर काय करू, हे लिहून ठेवायला हवे होते. दोन्ही वेळा उत्तर ‘काही नाही’ येत असेल तर तो निकाल शस्त्रक्रिया ठरवणाऱ्या डॉक्टरांना आणि घरच्यांना न दाखवता अभ्यासाच्या वहीतच राहू द्यावा. आता त्या अभ्यासात तसेच करतात.

नमुना घेण्याची रीतही बदलली. संशोधनाच्या प्रत्येक नमुन्यासोबत साधी तपासणी जाते, पस सेल्स दिसल्या तर कल्चर जाते आणि तो नमुना एनजीएएलसाठी मोजत नाहीत. चिकट पिशवीतल्या लघवीत त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात. त्याऐवजी बाळाला दूध पाजून झाल्यावर ओटीपोटावर गार ओला कापूस गोल फिरवत राहायचा आणि सुटलेली धार निर्जंतुक वाटीत झेलायची. दोन माणसे आणि थोडा धीर लागतो, पण काही मिनिटांत काम होऊ शकते. नाही झाले तर नळी आहेच. स्टेंट आत असतानाचे नमुनेही आता धरत नाहीत, कारण स्टेंटच्या टोचणीनेच लघवीतल्या पांढऱ्या पेशी वाढतात.

पहिल्या दिवसाची सोनोग्राफी टाळायला हवी होती, हे उघड आहे. सुदैवाने घरचे सातव्या दिवशी परत आले. ‘सूज उतरली’ या शब्दांवर विसंबून न येणारीही कुटुंबे असतात.

ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होत नाही त्या मुलांचा प्रश्न या प्रकरणाच्या बाहेरचा आहे, पण लघवीच्या चाचण्यांची खरी जागा कदाचित तिथे असेल. सूज आपोआप निवळली की अशा मुलांच्या भेटी हळूहळू थांबतात. फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया न झालेल्या अशा मुलांची लघवी पाच वर्षांनी तपासली, तेव्हा किडनीच्या ऊतीत बदल चालूच असावेत अशा खुणा मिळाल्या. त्या मुलांना पुढे रक्तदाब किंवा प्रथिने गळण्याचा त्रास होतो का, हे पाहायला मोठा काळ लागेल. तिथे घाईचा निर्णय नसतो, नमुने सावकाश जमवता येतात आणि प्लेट भरायची वाट पाहिल्याने कुणाचे नुकसान होत नाही. या मुलाला वर्षातून एकदा बोलावले आहे: रक्तदाब, सोनोग्राफी, लघवीची साधी तपासणी, आणि गोठवून ठेवायला एक जादा नमुना.